अण्णांचे गुरुवार

पत्राचा सारांश: चिंचवडहून एका वाचक भगिनींनी चार पानी पत्र पाठवलं आहे. त्यांचे वडील गेल्या मार्गशीर्षात गेले, वय ८७. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळ गाव माण तालुक्यात. विशीत पुण्याला आले, पुढे भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून, म्हणजे लेथ मशीनवर धातू घडवणारे कारागीर म्हणून लागले आणि १९९५ साली तिथूनच निवृत्त झाले. तीन पाळ्या, मिळेल तेवढा ओव्हरटाइम, दर महिन्याला गावी मनीऑर्डर. दोन धाकट्या भावांचं आणि दोन मुलांचं शिक्षण केलं, दोन खोल्यांचं स्वतःचं घर केलं. सुट्टीच्या दिवशी मात्र डोंगर. लोहगड, विसापूर, तोरणा आणि सगळ्यांत जास्त राजगड. ऐंशी उलटेपर्यंत चढत होते. आता वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं ठरलं आहे. थोरल्या भावाने नावही ठरवलंय, ‘कर्मयोगी’. ५०० प्रती, गुळगुळीत कागद. राजगडावर एक संगमरवरी पाटी बसवावी आणि जपून ठेवलेल्या थोड्या अस्थी पद्मावती तळ्यात सोडाव्यात, असंही त्यांच्या मनात आहे. मुख्य लेख बहिणीने लिहायचा. त्या दोनदा बसल्या आणि ‘कष्टाळू, निसर्गप्रेमी, कुटुंबवत्सल’ एवढ्यावर अडल्या. “पहिले दोन शब्द खरे आहेत. तिसरा लिहिताना हात थांबतो. सुट्टीचा एकुलता एक दिवस त्यांनी आम्हाला कधी दिला नाही, डोंगराला दिला. मी खोटं लिहू का? की लिहायला नकोच म्हणू?” पत्रासोबत अण्णांच्या खिशातल्या डायऱ्यांच्या तीन पानांच्या झेरॉक्स आहेत.

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. झेरॉक्स त्याहून जास्त वेळा पाहिल्या, त्यामुळे आधी त्यांच्याबद्दलच बोलते.

तुम्ही लिहिलंय, “बघा, चाळीस वर्षांच्या डायऱ्या, पण सगळीकडे गडांची नावं आणि गाड्यांच्या वेळा. आमच्यापैकी कुणाचं नाव नाही.” पहिलं पान १८ जून १९८१ चं. अण्णांचं अक्षर बारीक, तिरकं, पेन्सिलीचं. “गुरुवार. पहिली लोकल, मळवली. लोहगड. पाऊस सकाळपासून. छत्री धाकटीकडे. भिजलो. घरी ५.३०. फी ६५.”

छत्री धाकटीकडे. घरात धाकट्या तुम्हीच. जून महिना, नुकतीच शाळा सुरू झालेली, तुम्ही अकरा वर्षांच्या. त्या दिवशी घरात एकच छत्री असावी आणि ती कुणी न्यायची हे ठरलं असावं. त्यांनी तुमचं नाव लिहिलं नाही हे खरं. पण दहाबारा शब्दांच्या नोंदीत गड आला, पाऊस आला, तुम्ही आलात आणि तुमच्या शाळेची फीही आली. एवढ्यावरून अण्णा फार मायाळू होते असा निकाल मी देणार नाही. ही नोंद तुम्ही बहुतेक गडासाठी वाचलीत, मी छत्रीसाठी वाचली, एवढंच म्हणते. उरलेल्या डायऱ्या पुन्हा एकदा अशा वाचून बघा.

दुसरी गोष्ट वाराची. ‘सुट्टीचा एकुलता एक दिवस’ असं तुम्ही पत्रात चार ठिकाणी लिहिलंय, पण तो वार कोणता ते एकदाही लिहिलेलं नाही. तिन्ही पानांवर अण्णांनी लिहिलंय. १८ जून १९८१, ५ नोव्हेंबर १९८७, २१ मे १९९२. तिन्ही गुरुवार. तुम्ही चिंचवडच्या, तुम्हाला हे सांगायला नको. पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते, विजेचा भार एकाच दिवशी सगळ्यांवर येऊ नये म्हणून औद्योगिक भागांना साप्ताहिक सुट्टीचे वार वाटून दिलेले असतात आणि भोसरीकडे तो वार गुरुवार. म्हणजे रविवारी तुम्ही घरी होतात तेव्हा अण्णा लेथवर उभे होते आणि गुरुवारी अण्णा मोकळे होते तेव्हा तुम्ही वर्गात बसला होतात. तुमच्या गॅदरिंगला ते आले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. गॅदरिंग रविवारी होतं का? बघा आठवून. असेल, तर त्या दिवशी ते डोंगरावर नव्हते, कारखान्यात होते.

लहानपणी आपल्याला वडिलांची गैरहजेरी कळते, तिचं कारण कळत नाही. मग आपण ती गैरहजेरी एखाद्या दिसणाऱ्या गोष्टीला जोडून टाकतो. तुम्हाला दिसत होता तो खुंटीला लटकलेला खाकी हॅवरसॅक. कारखाना काही खुंटीला लटकत नव्हता.

पण इथे थांबले तर तुमच्यावर अन्याय होईल. मे महिन्याच्या सुट्टीतही गुरुवार येत होते. दिवाळीच्या सुट्टीतही येत होते. ५ नोव्हेंबर १९८७ च्या पानावर आहे, “राजगड. मुक्काम पद्मावती माची. पौर्णिमा. थोरला सोबत. चांदणे फार. थंडी.” त्रिपुरी पौर्णिमेची रात्र, राजगडावर, आणि सोबत थोरला. तुम्ही तेव्हा सतरा वर्षांच्या होतात. तुम्हाला नेलं नाही. तुम्ही पत्राच्या शेवटच्या पानावर, जवळजवळ समासात लिहिलंय, “माझ्या मुलाला त्यांनी सिंहगड सात वेळा दाखवला. मला एकदाही नाही.” माझ्या मते तुमचं खरं पत्र हे एवढंच आहे.

या ठिकाणी मी अण्णांची बाजू घेणार नाही. त्या काळी मुलींना मुक्कामाला डोंगरावर नेत नसत, लोक काय म्हणतील, आई नको म्हणाली असेल, ही सगळी कारणं शक्य आहेत. पण तुम्हाला वाईट वाटलं हेही खरं आहे आणि ते त्या कारणांनी कमी होत नाही. तुम्हाला राग आला असेल तर येऊ द्या. जो माणूस आपल्याला हवा होता त्याचाच राग येतो. फक्त ‘सुट्टी आम्हाला दिली नाही’ आणि ‘मला नेलं नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली तपासल्यावर बरीचशी विरघळेल असं मला वाटतं. दुसरी तशीच राहील. ती राहिली तरी चालेल. तिला लेखात जागा आहे, त्याकडे येते.

आता ते तीन शब्द. पेपरच्या आतल्या पानावर, फोटोखालच्या चौकटीत ते रोज छापून येतात आणि लिहिणारे मनापासून लिहितात. अडचण अशी की ते कुणालाही लागू होतात. माझे आजोबा गेले तेव्हा आम्हीही स्मरणिका काढली होती. अकरा लेख होते, त्यांतल्या सहांत ‘शिस्तप्रिय’ हा शब्द आहे. त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात कायम खडीसाखरेची पुडी असायची आणि एसटीत शेजारी लहान मूल बसलं की ती निघायची, हे एकाही लेखात नाही. हे माहीत असलेली आम्ही आता दोनच माणसं उरलो आहोत. ती स्मरणिका मी काढली होती म्हणून जास्त लागतं.

म्हणून विशेषणं बाजूला ठेवा आणि अण्णांचं जे तुम्हाला ठाऊक आहे ते शोधायला निघा. तुमच्या पत्रात त्याचे धागे इतके आहेत की मला थांबावंसं वाटत नाही.

एक धागा माणचा. माण म्हणजे सातारा जिल्ह्याचा पर्जन्यछायेतला भाग. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेची मजल गाठताना मारामार. डोंगराची भिंत ढग अडवते, सगळं पाणी घाटमाथ्यावर ओतलं जातं आणि पलीकडच्या गावांच्या वाट्याला वारा येतो. अशा गावात अण्णा वाढले. आणि मग आयुष्यभर दर जूनमध्ये पहिल्या पावसाला घाटमाथ्यावर जाऊन भिजत राहिले. तुम्ही लिहिता, “पावसात कुणी गडावर जातं का? पण त्यांचा पावसाळा कधी चुकला नाही.” मला तर हे वाचून एकदम दिसलं, माणदेशातला मुलगा पाऊस कुठे राहतो ते बघायला निघालाय. माझी कल्पना चुकीची असू शकते. पण तुमच्या धाकट्या काकांना विचारा, लहानपणी गावात पाणी कुठून आणायचे, किती लांबून, कोण आणायचं. उत्तरात अण्णा सापडतील.

दुसरा धागा त्या पत्र्याच्या डब्याचा, ज्यात मनीऑर्डरच्या पावत्या निघाल्या. त्या फेकू नका. वर्षांप्रमाणे लावा. १९७२ च्या दुष्काळात गावोगावी लोक खडी फोडायला जात होते, सुकडीवर दिवस काढत होते. अण्णा तेव्हा पस्तिशीचे, थोरला पाच वर्षांचा, तुम्ही दोन वर्षांच्या. त्या वर्षीच्या पावत्या किती रकमेच्या आहेत बघा. त्याच काळातल्या पगाराच्या किंवा पीएफच्या स्लिपा सापडल्या तर शेजारी ठेवा. ‘कष्टाळू’ हा शब्द त्या दोन कागदांच्या मध्ये आहे. ओव्हरटाइम कुणासाठी होता ते तिथे आकड्यांत लिहिलेलं असेल आणि ‘कुटुंब’ म्हणजे अण्णांच्या हिशेबात किती माणसं होती तेही. तुम्हाला ते चौघांचं वाटत होतं. त्यांच्यासाठी ते बहुधा नऊ-दहा जणांचं होतं.

तिसरा धागा हातांचा. तुम्ही सहज लिहून गेलात की स्वयंपाकघरात अजून तो स्टीलचा बत्ता आहे, जो त्यांनी भंगाराच्या तुकड्यातून लेथवर काढला होता आणि विळीला धार फक्त तेच लावत. ताई, त्या बत्त्याचा फोटो स्मरणिकेत छापा. पूर्ण पान. टर्नरचं काम बाहेरच्यांना कळत नाही. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत बांधायचा, टूल लावायचं, आणि मग डोळ्यांइतकंच कानांनी काम करायचं. टूल बोथट झालं की आवाज बदलतो, जुन्या माणसाला तो शेजारच्या मशीनवरूनही कळतो. कुलंटचा, म्हणजे धातू कापताना सोडायच्या तेलकट पाण्याचा वास कपड्यांना इतका बसतो की धुऊनही जात नाही. अण्णांचे शॉपमधले दोन सोबती हयात आहेत असं तुम्ही म्हणता. त्यांना ‘अण्णा कसे होते’ असं विचारू नका. ‘फार चांगला माणूस’ एवढंच उत्तर येईल. त्यांना विचारा, “अण्णांचा जॉब रिजेक्ट झाला तर ते काय करायचे?” “रात्रपाळीत डबा कुणाबरोबर खायचे?” “बुधवारी दुसरी पाळी संपवून तसेच गडावर जायचे का?” नेमका प्रश्न विचारला की आठवण हलते.

आणि आता तुमच्या पत्रात जवळजवळ नसलेली व्यक्ती. तुमच्या आई.

त्या ८१ वर्षांच्या आहेत आणि “आई म्हणते तो देवमाणूस होता, तिच्याशी यावर बोलण्यात अर्थ नाही,” असं एक वाक्य तुम्ही लिहून पुढे गेला आहात. मला वाटतं बोलण्यात सगळ्यांत जास्त अर्थ त्यांच्याशीच आहे. पहिली लोकल पकडणाऱ्या माणसाची भाकरी पहाटे कुणीतरी थापलेली असते. पाऊस खाऊन आलेले कपडे दोन खोल्यांच्या घरात कुणीतरी वाळवलेले असतात. चाळीस वर्षांच्या गुरुवारांत त्यांचा वाटा आहे आणि तो कुठल्याच डायरीत नाही. त्यांचा स्वतःचा गुरुवार कसा जायचा? नवरा डोंगरावर, मुलं शाळेत, घरात एकट्या. त्यांना त्याचा त्रास होता की ती त्यांचीही सुट्टी होती? मला खरंच माहीत करून घ्यायला आवडेल. अण्णा संसारी माणूस होते की नाही याचा निवाडा तुम्ही, तुमचा भाऊ किंवा मी करायचा नसून तो अधिकार असलाच तर त्यांचा आहे. ‘देवमाणूस’ हे उत्तर त्यांनी अशासाठी दिलं असेल की त्यांना कुणी खरा प्रश्न विचारलेलाच नाही.

विचारताना काही गोष्टी सांभाळा, आणि हे ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढचं माणूस आहे त्या प्रत्येकासाठी सांगते. समोर फोन धरून ‘आई, बोल’ म्हणू नका. त्या मेथी निवडत असतील, वाती वळत असतील तेव्हा शेजारी बसा. फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा बंद करा, नाहीतर नुसती घरघर रेकॉर्ड होते. रेकॉर्ड करतेय हे मात्र सांगून ठेवा, चोरून करू नका. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. साल चुकलं तर मध्येच दुरुस्त करू नका. त्या रडल्या तर लगेच पाणी आणायला उठू नका, बसून राहा. झाल्यावर तारीख टाकून दोन ठिकाणी जपून ठेवा, फोन हरवतात. आणि एक प्रश्न माझ्यासाठी विचारा, “धाकटीला का नाही नेलं कधी?” उत्तर काहीही येवो.

जुन्या फोटोंचंही तसंच. आईंना दाखवून फोटोतल्या माणसांची नावं आत्ता लिहून घ्या, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो. डायऱ्यांच्या फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून शाई आणि कागद दोन्ही खाते. साध्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवल्या तरी पुष्कळ.

आता दादांच्या दोन कल्पना. त्यांचं प्रेम खरं आहे, हे आधी त्यांना सांगा आणि मग नाही म्हणा.

राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे, शासनाच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या अखत्यारीत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, त्यांत राजगड आहे. तिथे खासगी पाटी बसवता येत नाही, कायद्यानेही नाही. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, सईबाईंची समाधी ज्या माचीवर आहे, जिथून महाराजांनी सुमारे पाव शतक राज्यकारभार पाहिला, तिथे येणाऱ्या प्रत्येक गडप्रेमी कुटुंबाने आपल्या माणसाची पाटी लावली तर अण्णांना ज्या दगडांकडे बघायला आवडायचं ते दगडच दिसेनासे होतील. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतः एखाद्या भिंतीवर आपलं नाव लिहिलं का? मला खात्री आहे, नाही.

अस्थींचंही तसंच. गडावर येणारे लोक तिथल्याच तळ्या-टाक्यांचं पाणी वापरतात. २१ मे १९९२ च्या पानावर अण्णांनी स्वतः नोंदवलंय, “तळ्यात पाणी कमी.” पाण्याची पातळी बघून ठेवणाऱ्या माणसाच्या अस्थी त्या पाण्यात नकोत. हल्ली बऱ्याच गावांत रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा करून त्यात ठेवतात आणि वर झाड लावतात. माणच्या रानात तुमच्या वाटणीचा तुकडा आहे असं तुम्ही लिहिलंय. बांधावर कडुलिंब किंवा बोर लावा, त्या मातीत तग धरेल असंच काहीतरी. पहिली दोन वर्षं पाणी कोण घालणार ते आधी ठरवा, नाहीतर लावू नका. आणि यात शेवटचा शब्द आईंचा. (गडावर झाड लावावं असंही अनेकांच्या मनात येतं. तटबंदीजवळ तर अजिबात नको. उंबर-पिंपळाची मुळं सांध्यांत शिरून बुरूज फोडतात.)

पाटीचा खर्च वाचेल तो गडाच्या पायथ्याच्या शाळेला द्या. आधी गुरुजींना जाऊन विचारा काय हवंय, आपल्या मनाने कपाट नेऊन ठेवू नका.

स्मरणिका काढाच. ५०० प्रतींचा आग्रह मला पटत नाही. दीडशे काढा, साध्या कागदावर, आणि त्यात अण्णांच्या डायरीची आठ-दहा पानं जशीच्या तशी छापा, त्यांच्या अक्षरात. त्यांच्यासारखा माणूस आपल्याबद्दल दुसऱ्याने बोलण्यापेक्षा लोकलची वेळ सांगेल. शेजारच्या पानावर आईंचं बोलणं, त्यांच्याच भाषेत, प्रमाण मराठीत न आणता. सोबत्यांचे दोन प्रसंग. दादांना ‘कर्मयोगी’ हवंच असेल तर ते नाव त्यांच्या स्वतःच्या लेखाला देऊ दे, त्यांना वडील तसे दिसले असतील. त्यांनी राजगडावरचं चांदणं पाहिलंय, तुम्ही नाही. तुमच्या दोघांचे अण्णा वेगळे असणारच आणि एका पुस्तकात दोघांनाही जागा आहे. त्या पौर्णिमेच्या रात्रीबद्दल दादांना एकदा निवांत विचारा. काय बोलले ते दोघं, की काहीच बोलले नाहीत?

आणि तुमचा लेख. खोटं लिहू नका. सगळंही लिहू नका. जे अजून कच्चं आहे, ज्याला हात लावला की दुखतं, ते एका वेगळ्या वहीत लिहा, कुणालाही न दाखवता. माणूस गेल्यावर एका वर्षात सगळं बसून जात नाही. पण छत्रीबद्दल लिहा, फीबद्दल लिहा. मेमध्ये ते पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं आणायचे आणि तो द्रोण घरी पोचेपर्यंत चिकाने चिकट झालेला असायचा, हे तुम्ही मला इतकं सहज लिहिलंय, ते तसंच तिथे लिहा. आणि त्यानंतर एक सरळ ओळ, “मला त्यांनी कधी गडावर नेलं नाही.” कुठलंही स्पष्टीकरण न देता. वाचणाऱ्यांत असे अनेक असतील ज्यांना या ओळीने धीर येईल. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द मग तुम्हाला लागणार नाही. वर्षश्राद्धापर्यंत जमलं नाही तर घाई करू नका. श्राद्धाला पिंड लागतात, छपाई लागत नाही. अण्णांच्या पुढच्या वाढदिवसाला काढा.

शेवटचं. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की तेराव्याला धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ आले, पाचेक किलो तांदळाची कापडी पिशवी कोपऱ्यात ठेवली, फोटोला हात जोडले, ‘गुंजवण्याचा’ एवढंच म्हणाले आणि जेवायला न थांबता निघून गेले. गडबडीत कुणी विचारलं नाही. आणि १९९२ च्या त्या पानाचा उरलेला भाग असा, “करवंदे. खालच्या घरी भात-आमटी. त्यांच्या पोरीला वह्या दिल्या.”

खालचं घर राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावातलं आहे, ताई. बहुधा ते गृहस्थही त्याच घरातले. एवढी वर्षं अण्णा गुरुवारी कुठे जेवत होते ते त्या घराला माहीत आहे, तुम्हाला नाही. वह्या घेतलेली पोर आज चाळिशीची असेल. दुसऱ्याच्या मुलीला वह्या दिल्या हे वाचून तुम्हाला काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. तरी जा. पुण्याहून वेल्ह्याच्या रस्त्याला मार्गासनी लागतं, तिथून साखरवरून गुंजवणे. भातकापणी उरकली की माणसं घरी भेटतात. रविवारी नको, गडावर जत्रा असते आणि पायथ्याच्या घरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. गुरुवारी जा. जमलं तर दादांना आणि तुमच्या मुलाला सोबत घ्या. गड चढावासा वाटला तर गुंजवण्याची चोर दरवाज्याची वाट शेवटी उभी आहे, रेलिंग धरून चढावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर पाली दरवाज्याची पायऱ्यांची वाट घ्या, दुसऱ्या एखाद्या दिवशी. पहिल्या दिवशी त्या घरातच बसा.

आणि तांदळाची ती कापडी पिशवी घरात असेलच. धुऊन घ्या, रिकामी परत नेऊ नका. माणची बाजरी मिळाली तर ती भरा, नाहीतर गूळ चालेल.